सोपा दिसण्याची किंमत

मार्च १९५४. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं स्प्रिंगफील्ड. तिथल्या एका बिलियर्ड क्लबात विली मॉस्कोनी प्रदर्शनीय सामना खेळायला आला होता. समोरच्या स्थानिक खेळाडूची पहिली खेळी थोडक्यात आटोपली. मग मॉस्कोनीनं क्यू हातात घेतला आणि एकही चूक न करता ५२६ चेंडू पॉकेटमध्ये घातले. सामना मुळात २०० गुणांचा होता. तो जिंकून झाल्यावरही ‘चुकेपर्यंत खेळायचं’ म्हणून तो खेळत राहिला. चौदा चेंडू संपले की नवा रॅक लावायचा, ते संपले की पुन्हा नवा. असे ३७ रॅक त्यानं पूर्ण केले आणि अडतिसाव्यात तो चुकला. या सगळ्याला दोन तासांहून अधिक वेळ लागला. मॉस्कोनीचा हा विक्रम २०१९पर्यंत कुणालाही मोडता आला नाही.

कौशल्य म्हणून ही खेळी पूलच्या इतिहासातल्या सर्वश्रेष्ठ खेळींपैकी एक. पण बघण्याजोगा खेळ म्हणून तिच्याकडे पाहिलं, की व्यावसायिक पूलची सगळी अडचण समोर येते. एक माणूस खेळतोय, दुसरा खुर्चीत बसलाय, आणि खेळणाऱ्याचा प्रत्येक फटका इतका सोपा की आपणही मारू शकलो असतो असं वाटावं. पूल जितका उत्तम खेळला जातो तितका तो सोपा दिसतो. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत या खेळात पैसा आणायचे जे जे प्रयत्न झाले, त्या सगळ्यांना या एका गोष्टीशी झगडावं लागलं असं मला वाटतं.

असं का होतं, ते कॅरम खेळलेल्या माणसाला लगेच कळेल. कॅरममध्ये प्रत्येक फटक्यानंतर स्ट्रायकर पुन्हा आपल्या हातात येतो आणि रेषेवर हव्या त्या जागी ठेवता येतो. पूलमध्ये पांढरा चेंडू जिथे थांबला तिथूनच पुढचा फटका मारायचा. त्यामुळे समोरचा चेंडू पाडणं हे अर्धंच काम. तो पाडताना पांढरा कुठे नेऊन थांबवायचा, यात खरा खेळ आहे.

नाइन-बॉलचं उदाहरण घेऊ. या प्रकारात १ ते ९ क्रमांकाचे चेंडू असतात. टेबलावरच्या सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला आधी स्पर्श झाला पाहिजे आणि जो नऊ पाडेल त्यानं रॅक जिंकला. समजा, दोन नंबरचा चेंडू कोपऱ्यातल्या पॉकेटपासून वीतभर अंतरावर आहे. तीन नंबरचा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, जवळजवळ कडेच्या कुशनला टेकलेला. दोन पाडायला शाळकरी मुलालाही जमेल. पण पांढरा, दोन आणि पॉकेट तिन्ही एका सरळ रेषेत असतील, तर पांढऱ्याला फार तर तिथेच थांबवता येतं, त्याच रेषेत पुढे ढकलता येतं किंवा मागे खेचता येतं. टेबलाच्या पलीकडे जायचं तर थोडा कोन हवा. तो कोन मिळवायची वेळ एक नंबर पाडतानाच निघून गेलेली असते. मुरलेला खेळाडू एक पाडताना दोनवर किंचित कोन राखतो. मग पांढऱ्याला खालच्या बाजूला आणि थोडं उजवीकडे टोचून दोन कुशन घेत तो तीनच्या मागे हातभर अंतरावर आणून ठेवतो. आता तीन पाडणंही सोपं, आणि प्रेक्षकाला वाटतं की याला सगळेच चेंडू सोपे मिळताहेत. नवखा खेळाडू मात्र चुकीच्या जागी पोहोचतो, मग अवघड फटका मारतो, आणि टाळ्या त्याला मिळतात.

क्रिकेटमध्ये षटकार दिसतो, टेनिसमध्ये दमलेला खेळाडू दिसतो. पूलमध्ये मेहनत डोक्यात चालते आणि ती जितकी यशस्वी होते तितकी नजरेआड जाते. ज्याला खेळ येतो त्याला हे बघताना अंगावर काटा येतो. ज्याला येत नाही तो चॅनेल बदलतो.

मग या खेळाला पैसा कुणी पुरवला? सुरुवातीला टेबलं विकणाऱ्यांनी. मायकेल फेलन हा अमेरिकेतल्या बिलियर्डचा पहिला मोठा तारा. १८५९मध्ये डेट्रॉइटला जॉन सीरायटरविरुद्ध तो १५,००० डॉलरच्या सामन्यात जिंकला. हा माणूस खेळाडू होता, खेळावर पुस्तक लिहिणारा होता आणि टेबलं बनवणारा कारखानदारही होता. सामन्यात प्रसिद्धी मिळवायची आणि कारखान्यात टेबलं विकायची, असं त्याचं गणित होतं. हस्तिदंताचे चेंडू महाग पडतात म्हणून त्याच्याच कंपनीनं पर्याय शोधणाऱ्याला १०,००० डॉलर देऊ केले होते. त्या खटपटीत जॉन वेस्ली हायटनं सेल्युलॉइड विकसित केलं, आणि प्लास्टिकच्या इतिहासाचं एक पान बिलियर्डच्या टेबलावर लिहिलं गेलं. पुढे ब्रन्सविक कंपनीनं हीच रीत मोठ्या प्रमाणावर चालवली. मॉस्कोनी वर्षानुवर्षं ब्रन्सविकच्या पगारावर गावोगाव प्रदर्शनीय सामने खेळत फिरला. १९४१ ते १९५७ या काळात १५ वेळा जगज्जेता झालेला माणूस पोटासाठी मुख्यतः कंपनीचा फिरता प्रचारक होता.

दुसरा पैसा जुगाराचा. अमेरिकेतल्या पूल हॉलमध्ये रात्रभर चालणाऱ्या पैजा हीच कित्येक खेळाडूंची खरी कमाई होती. इलिनॉयमधल्या जॉन्स्टन सिटी या छोट्या गावात १९६१पासून अशा पैजबाज खेळाडूंची स्पर्धाच भरू लागली. १९७२मध्ये सरकारी धाड पडली आणि ती बंद झाली. अमेरिकेतल्या स्पर्धांत आजही एक प्रथा भेटते, आणि तिला चक्क ‘कलकत्ता’ म्हणतात. स्पर्धेआधी खेळाडूंचा लिलाव होतो. बोली लावून ज्यानं खेळाडू ‘विकत’ घेतला, त्याला खेळाडू जिंकल्यावर जमलेल्या रकमेचा वाटा मिळतो. या पैशामुळे खेळाडू जगले, पण मोठ्या प्रायोजकांनी आणि घरोघरच्या प्रेक्षकांनी या खेळाकडे संशयानं पाहावं, हेही त्यानंच झालं.

सिनेमानं हा संशय आकर्षक करून दाखवला. वॉल्टर टेव्हिसच्या कादंबरीवरचा ‘द हसलर’ १९६१मध्ये आला. पॉल न्यूमन आणि जॅकी ग्लीसन त्यात होते आणि तांत्रिक सल्लागार होता मॉस्कोनी. १९८६मध्ये मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘द कलर ऑफ मनी’ आला, न्यूमनला ऑस्कर मिळालं. दोन्ही वेळा अमेरिकेत पूलची लाट आली. हॉल भरले, टेबलं विकली गेली. व्यावसायिक खेळाडूंच्या हाती मात्र त्यातलं फार थोडं लागलं. लोकांना खेळायचं होतं, दुसऱ्याचा खेळ बघायला पैसे मोजायचे नव्हते.

यातल्या पहिल्या लाटेचा पुरेपूर फायदा उठवला तो रुडॉल्फ वॉन्डरोन नावाच्या बडबड्या खेळाडूनं. सिनेमातलं ‘मिनेसोटा फॅट्स’ हे पात्र आपल्यावरूनच बेतलंय असं सांगत त्यानं ते नावच धारण केलं. मॉस्कोनीला त्याचा मनस्वी राग. फेब्रुवारी १९७८मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात दोघांचा सामना झाला. एबीसी वाहिनीनं तो दाखवला, समालोचनाला हॉवर्ड कोसेल. सामना मॉस्कोनीनं आरामात जिंकला. पण लोकांनी पाहिला तो सूटबूट घातलेला, कडक शिस्तीचा माणूस आणि त्याला सतत डिवचणारा गमत्या यांच्यातला संघर्ष. पूल बघायला लावायचा असेल तर फटक्यांपेक्षा माणसं दाखवावी लागतात, याचा इतका मोठा पुरावा आधी कुणी दिला नव्हता. तरीही हा धडा घ्यायला आणखी पंधरा-सोळा वर्षं गेली. महिलांच्या स्पर्धांनीही तो ओळखला. काळ्या पोशाखातली, ‘ब्लॅक विडो’ म्हणून गाजलेली जेनेट ली आणि स्नूकरमधली जगज्जेती कारकीर्द सोडून १९९५मध्ये अमेरिकेत आलेली अ‍ॅलिसन फिशर यांची चुरस नव्वदच्या दशकात ईएसपीएनच्या प्रेक्षकांच्या चांगल्या परिचयाची झाली होती.

मोठ्या रकमा लावून लक्ष वेधून घ्यायचा मार्गही वापरून झाला. १९९६मध्ये डॅलसच्या एका स्पर्धेत सलग १० रॅक न चुकता संपवणाऱ्याला १० लाख डॉलर जाहीर झाले. एवढी रक्कम आयोजकांकडे नव्हतीच, तिचा विमा उतरवला होता. अर्ल स्ट्रिकलंडनं सलग ११ रॅक संपवले. मग वाद, वकील, आणि शेवटी तडजोड. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हाँगकाँगला स्ट्रिकलंड आणि फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस यांच्यात तीन दिवसांचा सामना झाला. आधी १२० रॅक जिंकेल त्याला १ लाख डॉलर, हरणाऱ्याला काहीही नाही. रेयेस १२०-११७ असा जिंकला.

सर्वांत दुःखद प्रयोग २००५-०६चा. दूरचित्रवाणीवरच्या लांबलचक जाहिरातींमधून वस्तू विकून श्रीमंत झालेल्या केव्हिन ट्रूडोनं ‘इंटरनॅशनल पूल टूर’ काढली. बारमध्ये प्रत्येकाला माहीत असलेला एट-बॉल निवडला, १५० खेळाडूंना टूरमध्ये स्थान दिलं आणि पूलनं कधी न पाहिलेली बक्षिसं लावली. सप्टेंबर २००६मध्ये रिनोला रेयेसनं या टूरची जागतिक स्पर्धा जिंकली. त्याचं बक्षीस ५ लाख डॉलर. स्पर्धा संपली आणि सगळे पैसे लगेच देता येणार नाहीत असं कळवण्यात आलं. रक्कम हप्त्याहप्त्यानं आली, टूर कोलमडली. त्या टूरच्या भरवशावर नोकऱ्या सोडलेल्या, घरदार मागे ठेवून आलेल्या खेळाडूंची कुचंबणा पूलच्या जगात अजून कुणी विसरलेलं नाही. ट्रूडोला पुढे आपल्या पुस्तकाच्या फसव्या जाहिरातींवरून न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली.

या सगळ्या पडझडीत एक धंदा शांतपणे वाढत होता. टेरी बेल आणि लॅरी हबार्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी १९८०च्या सुमारास हौशी खेळाडूंची लीग सुरू केली. आज अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशन या नावानं ती ओळखली जाते आणि तिचे सुमारे अडीच लाख सभासद आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ, जवळचा बार, आपला संघ. प्रत्येक खेळाडूला त्याच्या कुवतीनुसार क्रमांक मिळतो आणि त्या हिशेबानं किती रॅक जिंकायचे ते ठरतं. त्यामुळे सुतार आणि शिक्षिका दोघं एका टेबलावर बरोबरीनं खेळू शकतात. सभासद दर आठवड्याला फी भरतात, बारमालकाचा मंगळवार-बुधवार भरतो. प्रेक्षक लागतच नाहीत. दोन व्यावसायिकांनी ओळखलं की पूलमध्ये पैसे देणारा गिऱ्हाईक खेळणाराच असतो. आपल्याकडच्या पूल पार्लरचं गणितही यापेक्षा वेगळं नाही. पुण्या-मुंबईत तासाच्या भाड्यावर टेबल घेणारी कॉलेजची मुलं कमी नाहीत, पण त्यांतल्या फार थोड्यांना सध्याच्या जगज्जेत्याचं नाव सांगता येईल. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८मध्ये हौशी बिलियर्डचं जागतिक विजेतेपद जिंकून वैयक्तिक खेळातला भारताचा पहिला जगज्जेता होण्याचा मान मिळवला, तरी क्यूचे खेळ इथे दीर्घकाळ जिमखान्यांच्या आणि क्लबांच्या भिंतींआडच राहिले.

बघणाऱ्याला गिऱ्हाईक करायचं काम जिद्दीनं अंगावर घेतलं ते ब्रिटिश आयोजक बॅरी हर्न यांच्या मॅचरूम कंपनीनं. स्नूकर आणि डार्ट्सला दूरचित्रवाणीवर चालवून दाखवलेल्या या माणसानं १९९४मध्ये लंडनमधल्या रॉमफर्डला ‘मॉस्कोनी कप’ सुरू केला: युरोप विरुद्ध अमेरिका. वैयक्तिक खेळाला त्यांनी सांघिक केलं. सामने छोटे, पाच रॅक जिंकले की सामना संपला. फटक्याला ३० सेकंद. दोन्ही संघ टेबलाशेजारी बसलेले, सहकारी ओरडताहेत, प्रेक्षक गाणी म्हणताहेत, आणि ज्याचा हात एरवी दगडासारखा स्थिर असतो त्याचा हात सगळ्यांदेखत थरथरतोय. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. पांढऱ्या चेंडूची नजाकत नवख्याला दिसत नाही. दडपण मात्र प्रत्येकाला दिसतं. हर्न यांनी खेळाचा तोच भाग पुढे आणला. सुरुवातीला अमेरिकेचा वरचष्मा होता. २०१० ते २०२४ या १५ वर्षांत मात्र अमेरिकेला फक्त दोनदा, २०१८ आणि २०१९मध्ये, जिंकता आलं.

कॅमेऱ्यासाठी सामानही बदललं. हिरव्या कापडाच्या जागी उजळ निळं आलं. चार नंबरचा जांभळा चेंडू पडद्यावर इतर गडद चेंडूंत मिसळून जायचा, म्हणून दूरचित्रवाणीसाठी तो गुलाबी केला. सगळ्यांत हुशारीची गोष्ट पांढऱ्याची. पूर्वी तो कोरा असायचा, त्यामुळे त्याची फिरकी दिसतच नसे. आता त्यावर सहा लाल ठिपके असतात. पांढरा समोरच्या चेंडूवर आदळून क्षणभर थांबतो, ठिपके मात्र जागच्या जागी उलटे गरगरत राहतात, आणि मग तो जणू आठवण झाल्यासारखा मागे येतो. घरी बसलेल्या माणसाला पहिल्यांदा कळतं की खेळाडूनं त्याला खालून टोचलं होतं. बेल्जियममधल्या सालुक कंपनीचे ‘अ‍ॅरामिथ’ चेंडू जगभर वापरले जातात; त्या देशातल्याच व्हर्व्हिए गावी १६८०पासून चालत आलेल्या सिमोनिस कंपनीचं कापड टेबलांवर असतं. आजचे प्रायोजकही बहुतांशी हेच: क्यू, कापड, चेंडू, टेबल बनवणारे. फेलनच्या काळापासून हे फारसं बदललेलं नाही.

नियमांतही हेच चाललंय. नऊ चेंडू पातळ प्लास्टिकच्या साच्यात घट्ट बसवता येऊ लागल्यावर खेळाडूंनी ब्रेकमध्ये, म्हणजे रॅक फोडणाऱ्या पहिल्या फटक्यात, ठरावीक चेंडू हमखास पाडायचं तंत्र शोधलं, आणि एकच खेळाडू रॅकमागून रॅक संपवू लागला. म्हणजे पुन्हा मॉस्कोनीसमोरच्या खेळाडूची खुर्ची! त्यावर उपाय म्हणून नऊ नंबरचा चेंडू पुढच्या ठिपक्यावर आणला, ब्रेक कुठून मारायचा ती जागा आखून दिली, आणि साधारण साडेचार इंचांचं पॉकेट मोठ्या स्पर्धांत चार इंचांपर्यंत आवळलं. चेंडूचा व्यास सव्वादोन इंच. आता चुका होतात, दुसरा खेळाडू खुर्चीतून उठतो, लढत तयार होते. काही जुन्या जाणकारांना हे आवडत नाही. मला ते योग्य वाटतं, कारण अरुंद पॉकेटमुळे सोप्या फटक्यातली अवघडताही प्रेक्षकाला दिसू लागली.

पैशाचं म्हणाल तर २०२४मध्ये जागतिक नाइन-बॉल स्पर्धा सौदी अरेबियात जेद्दाला गेली. एकूण बक्षीस १० लाख डॉलर, विजेत्या फेडोर गोर्स्टला अडीच लाख. पूलसाठी ही मोठी रक्कम. पण रेयेसनं २००६मध्ये जिंकलेल्या बक्षिसाच्या ती निम्मी आहे, आणि शेजारच्या स्नूकरचा जगज्जेता ५ लाख पौंड घेऊन जातो. स्नूकरला १९६९पासून बीबीसीनं रंगीत टीव्हीसाठी हाताशी धरलं. पूलला असा पाठीराखा मिळाला नाही. सौदीचा पैसाही प्रेक्षकांच्या खिशातून आलेला नाही, तो एका देशाच्या धोरणातून आलाय, आणि धोरणं बदलतात. बहुतेक व्यावसायिकांना आजही प्रवेश फी, विमान आणि हॉटेल स्वतःच्या खिशातून भरावं लागतं. स्पर्धेच्या मधल्या फेरीत हरलेला खेळाडू अनेकदा पदरमोड करूनच घरी जातो. शिकवण्या घेणं, क्यू विकणं, स्वतःचा हॉल चालवणं हेच त्याचं खरं उत्पन्न.

मला आशा वाटते ती आशियाकडे पाहून. १९९५मध्ये रिनोला रेयेसनं स्ट्रिकलंडविरुद्ध पुरता अडवला गेलेला चेंडू पांढरा दोन कुशनवर फिरवून पाडला, तो फटका फिलिपिन्समध्ये आजही लोक एकमेकांना सांगतात. पांपांगा प्रांतातला हा गरीब घरचा मुलगा १९९९मध्ये कार्डिफला जगज्जेता झाला आणि पूल त्या देशात घराघरात पोहोचला. २००६ची जागतिक स्पर्धा मनिला परिसरात झाली, तेव्हा ती रॉनी अल्कानो या घरच्याच खेळाडूनं जिंकली. २०२५मध्ये जेद्दाला गोर्स्टला १५-१३ असं हरवणारा कार्लो बियादोही फिलिपिनोच. चीनमध्ये स्नूकरसारख्या गोलसर तोंडाच्या पॉकेटांवर खेळला जाणारा स्वतःचा एट-बॉल रुजलाय आणि त्याची बक्षिसं पाश्चात्त्य स्पर्धांना मागे टाकतात. व्हिएतनाममध्ये हनोई ओपन २०२३मध्ये सुरू झाली, तेव्हा तरुण प्रेक्षकांनी तिकिटं काढून गर्दी केली. तिथे गल्लोगल्ली टेबलं आहेत, त्यामुळे बघणाऱ्याला पांढऱ्या चेंडूची भाषा आधीच येत होती.

आणि नेमक्या याच वेळी खेळ कुणाच्या ताब्यात राहायचा यावरून भांडण पेटलं. एका बाजूला १९८७मध्ये स्थापन झालेली जागतिक पूल संघटना आणि तिच्या प्रादेशिक संघटना, दुसऱ्या बाजूला २०२३मध्ये ‘वर्ल्ड नाइनबॉल टूर’ उभी करणारी मॅचरूम. मान्यता नसलेल्या स्पर्धांत खेळलात तर बंदी, अशी ताकीद आशियाई खेळाडूंना मिळाली. राष्ट्रीय संघातली जागा आणि सरकारी मदत एकीकडे, बक्षिसाची मोठी संधी दुसरीकडे, यांत निवड करायची पाळी मनिला आणि हनोईच्या खेळाडूंवर आली. मॅचरूमनं ऑक्टोबर २०२४मध्ये मनिलाला आशिया विरुद्ध उर्वरित जग असा ‘रेयेस कप’ भरवला आणि पहिलाच चषक आशियानं जिंकला. इतकी वर्षं पूलला प्रेक्षक शोधावा लागत होता. आता तो सापडलाय, तिकीट काढून बसलाय, आणि त्याच्या पैशातला वाटा टेबलावर वाकलेल्या खेळाडूपर्यंत किती पोहोचतो हे अजून ठरायचं आहे.